भरवसा, भिस्त, मदार, विसंबणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुद्रितशोधनाच्या कामात काही शब्दांवर हात पुन्हा पुन्हा अडतो. कशावर तरी टेकून राहण्याचे शब्द त्यातले. शब्दकोशात ते एका ओळीत शेजारी शेजारी बसतात, पण वाक्यात एकाला उठवून दुसऱ्याला बसवायला गेलं की अर्थ तरी बदलतो नाहीतर कानाला खटकतं. विद्यार्थी, भाषांतर करणारे, परगावी वाढलेली मराठी मुलं आणि त्यांचे पालक यांच्याकडून जे प्रश्न नेहमी येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

भरवसा म्हणजे नेमकं काय?

एखादा माणूस किंवा एखादी गोष्ट ऐन वेळी आपल्या कामाला येईल, असं मनात धरून चालणं म्हणजे भरवसा. शब्द पुल्लिंगी. भरवसा असतो, वाटतो, ठेवता येतो, देता येतो आणि एक दिवस उडतोही. 'भरवसा देणे' म्हणजे समोरच्याला 'होईल तुमचं काम' असं सांगून निश्चिंत करणं.

भरवशाची नजर पुढे असते. जे घडायचं आहे त्याबद्दल तो असतो. विश्वासाचं तसं नाही, तो घडून गेलेल्या गोष्टीवरही बसतो: 'तू काल तिथे होतास यावर माझा विश्वास आहे' हे सरळ वाक्य आहे, पण त्यात 'भरवसा' घालून बघा, वाक्य लंगडतं. आणखी एक गंमत. 'त्याचा भुतांवर विश्वास आहे' याचा अर्थ भुतं असतात असं त्याला वाटतं. 'त्याचा भुतांवर भरवसा आहे' म्हटलं तर गडी भुतांकडून काहीतरी काम करून घेणार आहे!

परीक्षेत 'भरवसा'चे समानार्थी शब्द विचारले तर काय लिहावं?

विश्वास, भरोसा, भिस्त, मदार, इतबार, खात्री. गुण मिळतील. पण निबंध लिहिताना हे सहाही शब्द एकच आहेत असं समजू नका.

'त्याचा भरवसा नाही' आणि 'त्याच्यावर भरवसा नाही' यांत फरक आहे का?

आहे, आणि चांगला मोठा आहे. पाहुणे साडेसातला येणार म्हणून सांगितलंय, आई स्वयंपाकघरातून म्हणते, 'दादाचा काही भरवसा नाही, तो नऊलाही उगवेल.' यात दादावर अविश्वास नाही. दादा लाडकाच आहे, फक्त तो कधी काय करेल ते सांगता येत नाही. 'पावसाचा भरवसा नाही', 'जिवाचा भरवसा नाही', 'या गाडीचा भरवसा नाही' ही सगळी याच घरातली वाक्यं. इथे 'भरवसा नाही' म्हणजे 'नेम नाही'.

'दादावर माझा भरवसा नाही' असं मात्र आई चारचौघांत म्हणणार नाही. ते मन तुटल्याचं वाक्य आहे. पैसे हातात दिले तर परत येतील का, सांगितलेलं पोटात राहील का, असा संशय त्यात आहे. म्हणजे 'चा' लावला की बोलणं त्या माणसाच्या स्वभावाबद्दल होतं, 'वर' लावला की आपल्या आणि त्याच्या नात्याबद्दल.

आता याच जागी 'विश्वास' ठेवून पाहा. 'दादाचा विश्वास नाही.' वाक्य उलटंच झालं! आता विश्वास न ठेवणारा दादा आहे आणि विश्वास कशावर नाही ते अजून सांगायचं राहिलंय. 'त्याचा भरवसा नाही' मध्ये तो भरवशाचा विषय आहे, 'त्याचा विश्वास नाही' मध्ये तो विश्वासाचा धनी आहे. समानार्थी म्हणून पाठ केलेले दोन शब्द एका 'चा'ने एकमेकांकडे पाठ फिरवतात. परभाषेतून मराठीत येणाऱ्यांचं बोट सर्वांत जास्त वेळा इथेच चिमटतं. मशीनने केलेल्या भाषांतरातही ही चूक मी अनेकदा दुरुस्त केली आहे.

विश्वास या शब्दाचा श्वासाशी खरंच संबंध आहे?

आहे. संस्कृतातल्या 'श्वस्', म्हणजे श्वास घेणे, या धातूला 'वि' लागून तो झाला. मोकळा श्वास घेता येणं, भीती नसणं, हा त्याच्या मुळाशी असलेला अर्थ. ज्याच्या सोबत दम कोंडत नाही त्याच्यावर विश्वास. 'आश्वासन' हाही त्याच धातूचा भाऊ: समोरच्याच्या जिवात जीव आणणं. निवडणुकीच्या सभांनी त्या शब्दाचं काय केलं ते सोडा.

जोडाक्षर 'श्वा' आहे, हे लिहिताना विसरू नये. 'विश्र्वास' असा छापलेला फलक दिसला की समजावं, जुन्या फॉन्टचा प्रताप.

विश्वासू, विश्वसनीय, विश्वासार्ह, विश्वस्त: कुठे कोणता?

माणूस विश्वासू. नोकर, मित्र, सहकारी, क्वचित कुत्रासुद्धा. बातमी, माहिती, सूत्र हे विश्वसनीय. 'विश्वसनीय नोकर' चुकीचं नाही, पण कागदी वाटतं, 'विश्वासू बातमी' मात्र चालतच नाही. विश्वासार्ह हा दोन्हीकडे जातो, पण तो तोलून मापून बोलणाऱ्यांचा शब्द आहे. 'माध्यमांची विश्वासार्हता' या रूपात तो अग्रलेखांत जास्त भेटतो.

विश्वस्त म्हणजे ज्याच्या हाती दुसऱ्याची ठेव सोपवली आहे तो. देवस्थानाचे विश्वस्त, शाळेचे विश्वस्त मंडळ. महाराष्ट्रात अशा संस्थांचा कारभार १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली चालतो आणि त्यांच्यावर देखरेख धर्मादाय आयुक्तांची असते. इथे 'भरवसेदार' वगैरे काही करून चालत नाही, शब्द कायद्याने बांधलेला आहे.

आणि हो, पत्राच्या शेवटी येणारा 'आपला विश्वासू'. शाळेत आपण सगळ्यांनी पुस्तकांच्या दुकानदाराला मागणीपत्र लिहून, ज्याला जन्मात पाहिलं नाही त्याचे विश्वासू होऊन पाच गुण कमावले आहेत.

भिस्त आणि मदार एकच ना?

बातम्या लिहिणारे एकच समजून वापरतात, आणि बऱ्याचदा खपूनही जातं. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, दोन्ही 'वर' मागतात, दोघींच्या आधी 'सारी' किंवा 'सगळी' हमखास येते. 'संघाची सारी भिस्त फिरकी गोलंदाजांवर' हे वाक्य क्रीडापानावर इतक्या वेळा येऊन गेलंय की त्याचा शिक्काच करून ठेवावा.

फरक कळण्यासाठी या शब्दांच्या आधी काय येतं ते बघा. भिस्त ही माणसाची असते, निदान माणसांच्या गटाची: माझी भिस्त, संघाची भिस्त, पक्षाची भिस्त. कोणीतरी टेकलेलं आहे, म्हणून भिस्त आहे. मदार गोष्टीचीही असू शकते: विजयाची मदार, निकालाची मदार, साऱ्या खटल्याची मदार एका साक्षीवर. 'विजयाची भिस्त' म्हणून बघा, जीभ अडखळते. विजय कुणावर कसा टेकेल?

याचं कारण मदार या शब्दाच्या जन्मात आहे. तो अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. तिथे 'मदार' म्हणजे ज्याभोवती काही फिरतं तो आस, ती कक्षा. आपला 'दौरा' त्याच मुळाचा, फिरणं तिथेही आहेच. म्हणून मदार म्हणताना डोळ्यासमोर जात्याचा खुंटा आणावा: पाळं फिरतंय आणि सगळं त्या एका खुंट्यावर आहे. खुंटा हलला की दळण संपलं. भिस्तीत अंग टाकून बसलेला माणूस दिसतो, मदारीत फिरणारं जातं.

शेतीच्या बातमीत दोन्ही चालतात आणि दोन्ही वेगळं सांगतात. 'मराठवाड्यातल्या कोरडवाहू पिकांची मदार परतीच्या पावसावर' हे परिस्थितीचं वर्णन झालं. 'शेतकऱ्यांची भिस्त परतीच्या पावसावर' म्हटलं की बांधावर उभा राहून आभाळाकडे बघणारा माणूस त्यात आला.

'विसंबणे' म्हणजे भरवसा ठेवणे की सोडून राहणे? दोन्ही अर्थ कसे?

मला स्वतःला या सगळ्यांत हा शब्द सर्वांत आवडतो.

'त्याच्यावर विसंबून राहू नकोस' यात विसंबणे म्हणजे भार टाकून निर्धास्त होणे. 'ती बाळाला क्षणभरही विसंबत नाही' यात विसंबणे म्हणजे दूर होणे, नजरेआड करणे, विसरणे. जुन्या मराठीत आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडी दुसरा अर्थ चांगला रुळलेला आहे. 'गाय वासराला विसंबेना' हे ज्यांनी गोठा बघितलाय त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

ओळखायचं कसं? 'वर' आला की भरवसा, 'ला' आला की दुरावा. शिवाय 'ला'वालं रूप जवळजवळ नेहमी नकारात येतं: विसंबत नाही, विसंबेना, न विसंबता. आणि 'वर'वालं रूप बहुधा 'विसंबून' असंच येतं: विसंबून राहणे, विसंबून असणे. 'मी तुझ्यावर विसंबतो' असं सहसा कोणी म्हणत नाही.

दोन अर्थ इतके लांब कसे गेले याचा मी माझ्यापुरता एक धागा लावलाय. ज्याच्यावर आपण काम सोपवून मोकळे होतो, त्या कामावरून आपली नजर उठते. निर्धास्त होणं आणि लक्ष काढून घेणं या एकाच क्षणाच्या दोन बाजू आहेत. आई बाळाला विसंबत नाही, कारण ती बाळाच्या बाबतीत दुसऱ्या कुणावर विसंबत नाही. म्हणूनच बहुधा 'विसंबून राहणे' मध्ये एक बारीकशी टोचणी असते. 'भावावर भरवसा ठेवला' यात दोष नाही, 'भावावर विसंबून राहिला' म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, पुढे काहीतरी बिनसलेलं आहे आणि चूक अर्धी याचीही आहे. तेव्हा ग्राहकाला किंवा साहेबांना पत्र लिहिताना 'आम्ही आपल्यावर विसंबून आहोत' असं लिहू नये. तिथे 'आमचा आपल्यावर पूर्ण भरवसा आहे' हेच शोभतं.

अवलंबून असणे आणि अवलंब करणे यांचा संबंध काय?

'लंब' म्हणजे लोंबणारं, ओळंब्यासारखं खाली सरळ आलेलं. घड्याळाचा लंबक तोच. अवलंबून असणारी गोष्ट वरच्या खुंटीला लटकलेली असते. इथे विश्वासाचा प्रश्नच येत नाही. दिव्याचा उजेड विजेवर अवलंबून असतो, पण दिव्याचा विजेवर भरवसा नसतो. मन नसलेल्या वस्तूंसाठी म्हणूनच हा शब्द सोयीचा.

'अवलंब करणे' मध्ये तीच खुंटी आपण हाताने धरतो: सेंद्रिय पद्धतीचा अवलंब, काटकसरीचा अवलंब. अवलंब केला म्हणजे पत्करलं. 'कुटुंबातील अवलंबित व्यक्ती' हे सरकारी अर्जातलं, आणि 'स्वावलंबी', 'परावलंबी' ही शाळेतली नावं. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' ही कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेची ओळ. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगरकडच्या कितीतरी घरांत स्वावलंबी हा शब्द पहिल्यांदा पोचला तो त्या संस्थेच्या शाळांतून आणि 'कमवा आणि शिका'मधून.

मग 'आत्मनिर्भर' मराठीत चालेल का?

मे २०२० नंतर तो चालायला लागला हे खरं, आत्मनिर्भर भारत अभियानाच्या घोषणेबरोबर तो वर्तमानपत्रांत शिरला. हिंदीत 'निर्भर' म्हणजे अवलंबून. मराठीत हा शब्द आधीपासून आहे, पण वेगळ्या अर्थाने: ओतप्रोत भरलेला, गाढ, मोकळा. 'आनंदाने निर्भर झालेलं मन', 'निर्भर झोप'. त्यामुळे 'पावसावर निर्भर शेती' वाचताना जुन्या वाचकाला क्षणभर वाटतं, शेती पावसाने आनंदित झाली आहे. योजनेचं नाव म्हणून लिहा, एरवी स्वावलंबी आहे की आपल्याकडे. बदलायचं कारण मला तरी दिसत नाही.

बोलताना सगळे 'डिपेंड आहे' म्हणतात. त्याला सोपा मराठी शब्द?

'अवलंबून' जड वाटतो हे मान्य. पण मराठीत याला शब्दाची गरजच नसते, नुसता 'वर' पुरतो. 'जायचं की नाही ते पावसावर आहे.' 'ते तुझ्यावर आहे.' 'किती पैसे मिळतात त्यावर ठरेल.' 'बघू, कसं जमतं त्यावर.' बे एरियात किंवा मेलबर्नला वाढणाऱ्या मुलांना हेच आधी शिकवावं, अवलंबून नंतर येईल.

भरोसा हा शब्द हिंदी आहे म्हणून टाळावा का?

नागपूर, अमरावतीकडे तो घरचाच आहे, तिथल्या माणसाने तो टाळायचं कारण नाही. पुण्या-मुंबईच्या लेखनात 'भरवसा' ठेवावा, पण 'रामभरोसे' तसाच राहू द्यावा. त्यातला उपरोध 'रामाच्या भरवशावर' म्हटल्याने निघून जातो.

हवाला हा शब्द चांगला की वाईट?

गरीब बिचारा, बदनाम झाला. अरबी शब्द, मूळ अर्थ सोपवणे, एकाकडून दुसऱ्याकडे देणे. त्यातूनच 'पोलिसांच्या हवाली केलं' आणि ज्याच्याकडे काही सोपवलंय तो 'हवालदार'. 'सूत्रांच्या हवाल्याने' म्हणताना बातमीदार आपली जबाबदारी सूत्रांकडे सोपवतो. पैशाचा बेकायदा व्यवहार हा अर्थ गेल्या काही दशकांत इतका ठळक झाला की बाकीचे झाकोळले.

भरवशाच्या जवळ तो येतो 'देवावर हवाला ठेवून' या एका प्रयोगात. करता येईल ते करून झालंय, आता पुढचं त्याच्याकडे. यात आळस नाही. आळशी माणसासाठी वेगळी म्हण आहेच: असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी.

हमी, खात्री आणि भरवसा?

खात्री मनात असते, हमी कागदावर, भरवसा दोहोंच्या मधे कुठेतरी. हमी दिलेली मोडली तर दाद मागता येते. म्हणून महाराष्ट्राच्या १९७७ च्या कायद्याचं नाव रोजगार 'हमी' आहे. 'रोजगार भरवसा योजना' असती तर मजूर मस्टरवर सही करायला गेलेच नसते.

'भरवशाच्या' की 'भरवश्याच्या'?

भरवशाच्या. शेवटी 'सा' असलेल्या पुल्लिंगी शब्दाला प्रत्यय लागताना 'सा'चा 'शा' होतो: पैसा, पैशाला. ससा, सशाला. घसा, घशात. आरसा, आरशात. तसाच भरवसा, भरवशावर. य लिहायचा नाही. 'भरवस्यावर' तर नाहीच. जुन्या पुस्तकांत 'भरंवसा' असा अनुस्वार दिसेल. उच्चारात नसलेले असे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर गेले, ती त्या काळची छपाईची चूक समजू नये.

'भरवशाच्या म्हशीला टोणगा' याचा अर्थ काय?

टोणगा म्हणजे म्हशीचं नर पिल्लू. दूधदुभत्याच्या घरात रेडी झाली तर पुढची म्हैस घरात आली, टोणगा झाला तर तो नुसता खाणार. ज्या म्हशीवर भिस्त ठेवून दहा महिने सरकी-पेंड घातली, नेमका तिलाच टोणगा झाला. ज्याच्याकडून खूप आशा होती त्यानेच तोंडघशी पाडलं की ही म्हण. नीट पाहिलं तर म्हशीचा यात काहीच दोष नाही. म्हण भरवसा ठेवणाऱ्याला हसते, पण निकालाच्या दिवशी ती ऐकावी लागते ती बिचाऱ्या मुलांना.

आणि 'विश्वास गेला पानिपतात'?

कोणी 'विश्वास ठेव' म्हणालं की त्यावर दिलेला हा टोला. नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या लढाईत पडले. नावावर साधलेला श्लेष आहे: आमचा विश्वास तेव्हाच गेला, आता तुझ्यावर कुठून ठेवू? एवढ्या मोठ्या दुःखाची अडीचशे वर्षांत मराठी माणसाने कोटी करून टाकली, आणि उधारी मागणाऱ्या मित्राला ती रोज ऐकवतो.

आधार हा भरवशाचा समानार्थी आहे का?

अर्धाच. आधार खालून असतो, भिंतीला टेकू तसा. आधार दिला जातो, भरवसा ठेवला जातो. 'बुडत्याला काडीचा आधार' यात काडीवर कुणाचाच भरवसा नाही, तरी हात तिकडे जातो. देशातलं पहिलं आधार कार्ड सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. तेव्हापासून 'आधार आहे का?' या प्रश्नाला खिशात हात घालून उत्तर देता येतं, नाहीतर पूर्वी तो फार नाजूक प्रश्न होता.

दारू किंवा गोळ्यांवर 'अवलंबून' म्हणावं का?

डॉक्टरांच्या कागदावर ठीक. बोलताना 'आहारी जाणे'. आपण त्या गोष्टीचा आहार झालो, तिने आपल्याला खाल्लं. दुसऱ्याच्या अकलेवर चालणाऱ्यासाठी 'दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे', दुसऱ्याच्या बळावर मिरवणाऱ्यासाठी 'दुसऱ्याच्या जिवावर उड्या मारणे'.

उलट अर्थाचे शब्द?

विश्वासाला अविश्वास आहे, त्याचा ठराव ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत मांडता येतो. भरवशाला 'बेभरवशाचा' हे विशेषण आहे. भिस्त आणि मदार यांना उलट शब्द नाहीत, तिथे 'नाही' लावूनच भागवावं लागतं.

अजून खोलात जायचं तर कुठे बघावं?

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर शोधता येतात. मोल्सवर्थमध्ये 'भरंवसा' असा अनुस्वार देऊन शोधा, नाहीतर शब्दच नाही असं वाटून परत याल.